पुराची भीती मोबाईलवरून जाईल?

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी सून आणि नातू माळ्यावर अडकले होते. अजूनही पाऊस लागला की ती झोपत नाही, रात्रभर सामान वर चढवत बसते. नदीकडच्या रस्त्याने तर जातच नाही. पुण्याच्या एक मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओवर उपचार करू म्हणतात. असं मोबाईलवर बोलून काय होणार? – एक सासू, चिपळूण

उत्तर : काकू, नुसतं बोलणं असतं तर मीही हेच विचारलं असतं. ‘प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर’ नावाच्या उपचारात तुमची सून त्या दिवसाचा प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगेल. ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकेल. टाळलेल्या जागी थोडं थोडं जाऊ लागेल. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक दीड तासापर्यंत. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांना हेच उपचार समोर बसवून आणि व्हिडिओवर देऊन पाहिले; व्हिडिओवरचे कमी पडले नाहीत. तुमच्याकडे तर सोयच आहे. तो माळा आणि वाशिष्ठीचा पूल चिपळुणात आहेत, त्या डॉक्टरांच्या पुण्यातल्या खोलीत नाहीत.

मला काळजी वेगळीच आहे. दोन खोल्यांच्या घरात ती बोलणार कुठे? सासू पलीकडे भाजी निवडत असेल तर कुठलीच सून मोकळी होत नाही, सासू कितीही मायेची असो. त्या वेळेला तुम्ही सगळे बाहेर पडा. तिला इअरफोन द्या. ‘काय बोललीस?’ हे विचारू नका. बैठकीनंतर लगेच स्वयंपाकाला जुंपू नका, अर्धा तास तिचा तिला राहू द्या.

चांगली थेरपिस्ट दर वेळी आधी विचारते : आत्ता नेमकी कुठे आहेस, जवळ कोण आहे, त्यांचा नंबर काय? हे विचारलं नाही तर दुसरी शोधा. प्रसंग सांगताना मध्येच रेंज गेली तर कोणी कोणाला फोन करायचा, तेही आधीच ठरवा. तुमच्याकडे पावसात वीज जाते, म्हणून उन्हाळ्यातच सुरुवात केलेली बरी. मधल्या काळात रात्री-अपरात्री फार घाबरली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथे धीर आणि सल्ला मिळेल. हा उपचार मात्र तिथे होणार नाही.

आणि नातवाचं काय? तोही त्याच माळ्यावर होता. त्याला कोणी विचारलंय का?