शेजारी देशातील दहशतवादी तळावर हल्ला: आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतो का?

आपण विचारले आहे की, एखादा देश दहशतवाद्यांना आसरा देत असेल, तर पीडित देशाने त्याच्या हद्दीत शिरून तळ उद्ध्वस्त करणे कायदेशीर आहे, की ते आक्रमणच ठरते. मी कोल्हापुरात कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. सैनिक टाकळीसारख्या गावांतून किंवा गडहिंग्लज-चंदगड भागातून आलेल्या अनेक मुलांच्या घरातले कोणी ना कोणी सैन्यात असते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नसतो.

मूळ नियम कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील कलम २(४) दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करण्यास आणि तशी धमकी देण्यासही मनाई करते. सुरक्षा परिषदेने परवानगी दिली नसेल, तर कलम ५१ मधील स्वसंरक्षणाचा अधिकार एवढाच अपवाद उरतो, आणि तो 'सशस्त्र हल्ला' झाल्यावर मिळतो. हा हल्ला कोणी केलेला असावा, हे मात्र त्या कलमात लिहिलेले नाही. तो दुसऱ्या देशाच्या सैन्यानेच केलेला असला पाहिजे, की एखाद्या संघटनेने केलेलाही चालतो, यावरच सगळा वाद उभा आहे.

या वादाचे मूळ फार जुन्या घटनेत आहे. १८३७ मध्ये कॅनडात ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड झाले, तेव्हा 'कॅरोलाइन' नावाची एक आगबोट अमेरिकेच्या किनाऱ्यावरून नायगारा नदीतल्या बेटावर तळ ठोकलेल्या बंडखोरांना माणसे आणि रसद पुरवत होती. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिशांच्या तुकडीने नदी ओलांडून अमेरिकी धक्क्याला बांधलेली ती बोट ताब्यात घेतली, पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. पुढे १८४१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी ब्रिटनकडे खुलासा मागितला, आणि त्यातले प्रश्न आजही वर्गात एकेक करून वाचण्यासारखे आहेत. गरज इतकी तातडीची होती का, की दुसरा मार्ग निवडायला किंवा विचार करायलाही उसंत नव्हती? उजाडेपर्यंत थांबणे खरोखर अशक्य होते का? बोटीवरील दोषी आणि निर्दोष वेगळे करता आले नसते का? आणि केलेली कारवाई त्या गरजेच्या मर्यादेतच राहिली का? निकड आणि प्रमाण (म्हणजे कारवाई गरजेपुरतीच ठेवणे) या दोन कसोट्या तिथूनच रूढ झाल्या. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर, चोर शेजाऱ्याच्या उसात शिरला म्हणून सगळा फड पेटवता येत नाही.

१९८६ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही चौकट आणखी आवळली. सशस्त्र टोळ्या सीमेपलीकडे पाठवणे, आणि त्यांच्या कारवाया लष्करी हल्ल्याच्या तोडीच्या असणे, हा सशस्त्र हल्ला ठरू शकतो; पण बंडखोरांना शस्त्रे किंवा रसद पुरवणे बेकायदा असले, तरी तेवढ्याने स्वसंरक्षणाचा अधिकार मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सीमेपलीकडून वर्षानुवर्षे हल्ले सोसणाऱ्या देशातील नागरिक म्हणून मला हा निर्णय अपुरा वाटतो, कारण आसरा, प्रशिक्षण आणि शस्त्रे हातात आली की प्रत्यक्ष हल्ला ही थोड्याच काळाची बाब उरते. तरीही न्यायालयाची भीती रास्त होती. ही अट सैल केली, तर कोणताही बलाढ्य देश शस्त्रपुरवठ्याचा नुसता आरोप करून लहान शेजाऱ्यावर चालून जाऊ शकतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर चित्र बदलले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये त्या हल्ल्यांच्या संदर्भात स्वसंरक्षणाच्या अधिकाराचा उल्लेख केला, आणि महिना संपायच्या आत ठराव १३७३ ने दहशतवाद्यांना आसरा आणि पैसा न देणे हे सर्व देशांवर बंधनकारक केले. यजमान देश दहशतवाद्यांना आवर घालण्यास तयार नसेल किंवा असमर्थ असेल, तर पीडित देशाने स्वतः कारवाई करावी, हा युक्तिवाद अमेरिकेने २०१४ मध्ये सीरियाबाबत लेखी मांडला. अनेक देशांना तो अजूनही मान्य नाही, त्यामुळे त्याला प्रस्थापित कायदा म्हणणे घाईचे होईल.

आता भारताकडे पाहू. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटनंतर परराष्ट्र सचिवांनी वाचलेल्या निवेदनात आणखी आत्मघाती हल्ल्यांची तयारी चालू असल्याची खात्रीशीर माहिती, नागरी वस्तीपासून दूर टेकडीवर असलेला तळ, आणि फक्त जैश-ए-महंमदवर रोखलेली कारवाई या गोष्टी होत्या. ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरवेळीही पाकिस्तानी लष्करी ठिकाणांना लक्ष्य केले नसल्याचे सरकारने आवर्जून सांगितले. निकड आणि प्रमाण या दोन्ही कसोट्यांना दिलेले ते उत्तर आहे, आणि म्हणून अशी कारवाई आक्रमणाच्या व्याख्येत बसते असे मला वाटत नाही. पीडित देशाने पुरावा जितका उघड करता येईल तितका करावा आणि कलम ५१ प्रमाणे सुरक्षा परिषदेला लगेच लेखी कळवावे, असा माझा ठाम आग्रह आहे. पुराव्याविना 'स्वसंरक्षण' हा शब्द कोणीही वापरू शकतो.

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या असती, तर यातला बराच गोंधळ टळला असता. भारताने १९९६ मध्ये सर्वंकष कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रांत मांडला. परकीय ताब्याविरुद्धचा लढा आणि सरकारी सैन्यांच्या कारवाया त्या व्याख्येत येतात की नाही, यावर देशांचे एकमत होत नाही, आणि तो करार आजवर मंजूर झालेला नाही.