नवीन घरं कुठे, हे आम्ही पण सांगायचं का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमधल्या छोट्या गावात राहतो, पासपोर्ट भारतीयच. पॅरिश कौन्सिलने (इथली ग्रामपंचायतच म्हणा) नकाशासकट फॉर्म टाकलाय, नवीन घरं कुठे हवीत म्हणून. आम्ही भरला तर चालेल? चर्चमागच्या शेतात दर हिवाळ्यात पाणी साचतं, तिथेच एक जागा दाखवलीय.

उत्तर: ताई, भराच! मत मांडायला नागरिकत्व लागत नाही. आणि ते पाण्याचं तर नक्की लिहा, फोटो तारखेसकट जोडा, कारण पूर, ड्रेनेज, अरुंद रस्ता, शाळेत जागा नसणं हे मुद्दे धरले जातात, "आमच्या खिडकीतला व्ह्यू जाईल" किंवा "घराची किंमत पडेल" हे नाही धरत. नुसतं "नको" लिहू नका, कुठली जागा बरी तेही सांगा.

हे नेबरहुड प्लॅनसाठी, म्हणजे नवीन बांधकाम कुठे-कसं व्हावं याच्या गावाच्या स्वतःच्या आराखड्यासाठी असेल तर, 2011च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टखालच्या नियमांनुसार, मसुद्यावर किमान 6 आठवडे हरकती घेतात, मग स्वतंत्र परीक्षक तपासतो आणि शेवटी गावात सार्वमत. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले, त्यामुळे व्हिसा वैध असेल तर तिथे मतदानही करता येतं, फक्त मतदारयादीत नाव हवं. आपले बरेच लोक ते नोंदवतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. आजच ऑनलाइन नोंदवा.