मदत मिळाली की लढाया थांबतात का?

प्रश्न: अमेरिकेनं २०२५ मध्ये यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था, गुंडाळली, तेव्हापासून सगळे सांगतायत की आता गरीब देशांत मारामाऱ्या वाढणार. पण मदत मिळत होती तेव्हा तरी लोक लढायचे थांबले होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मदत थांबली की दवाखाने बंद पडतात, औषधं संपतात, त्यात वादच नाही. पण पैसा ओतला की शांतता येते म्हणणाऱ्यांनी एकदा आफ्रिकेतला रवांडा बघावा. १९९४ च्या आधी हा देश मदत देणाऱ्यांचा लाडका होता, बेल्जियम, फ्रान्स, वर्ल्ड बँक सगळ्यांचे प्रोजेक्ट तिथे, आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू (बहुसंख्य जमात) की तुत्सी (अल्पसंख्य) हे लिहिलेलं असायचं, ही पद्धत बेल्जियमनंच १९३० च्या दशकात आणलेली. सरकार १९९० मध्ये म्हणालं काढून टाकतो, काढलं नाही, तरी पैसा येतच राहिला. मग एप्रिल १९९४ मध्ये कट्टर हुतूंनी तुत्सींची कत्तल सुरू केली, रस्तोरस्ती तपासणी नाके लागले, कार्ड दाखव, तुत्सी लिहिलंय का, झालं, तिथेच संपवायचे. शंभरेक दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं गेली.

पुढचं तर त्याहून वाईट. तुत्सी बंडखोरांनी सत्ता घेतल्यावर मारेकरी आणि त्यांचं सैन्य पळून शेजारच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, गोमाजवळच्या छावण्यांत घुसलं, लाखो निर्वासितांच्या गर्दीत. धान्यवाटप कुणामार्फत? तर जुन्या पुढाऱ्यांमार्फतच! त्यांनी माणसांचे आकडे फुगवून सांगायचे आणि वरचं धान्य विकून खायचं, पुन्हा लढायची तयारी त्यावरच. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेची फ्रेंच शाखा याच कारणानं १९९४ च्या अखेरीस तिथून निघून गेली.

प्रश्न: मग मदत देऊच नये का?

उत्तर: असं कुठं म्हटलं! त्या छावण्यांत पोरंबाळंही होतीच की, त्यांना उपाशी ठेवायचं का? पण हत्यारवाल्यांना बाजूला काढायला फौज लागत होती, युनोनं देशोदेशी विचारलं, तर ट्रक पाठवायला सगळे तयार आणि सैनिक द्यायला जवळपास कुणीच नाही. माझ्या मते खरी गोची इथेच आहे, राजकारणात हात घालायचा नसला की लोक चेक फाडून मोकळे होतात. शेवटी १९९६ मध्ये रवांडाच्या नव्या सरकारचं सैन्यच सीमा ओलांडून त्या छावण्यांवर चालून गेलं आणि काँगोत युद्ध पेटलं, ते पूर्व भागात अजून धुमसतंय, जानेवारी २०२५ मध्ये एम२३ बंडखोरांनी घेतलं ते शहरही गोमाच.