तो गांजा ओढत नव्हता

"मॅडम, एवढंच सांगा, गांजानं माणूस वेडा होतो का?" माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईनं विचारलं. वडील दाराशीच थांबले होते. सतरा वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर बसला होता, हुडीची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आईवडिलांना बहुतेकदा दप्तरात एखादी पुडी सापडलेली असते. इथे तसं काही सापडलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी रात्री मुलानं आईला हलवून उठवलं होतं. "आई, माझं हृदय बंद पडतंय." ठोके धडधडत होते, हात गार पडले होते, खोली लांब-लांब जातेय असं तो म्हणत होता. रुग्णालयात ईसीजी ठीक निघाला, पण लघवीच्या तपासणीत कॅनाबिस, म्हणजे गांजाच्या झाडाचा अंश, आला. वडिलांनी तिथंच विचारलं, "गांजा ओढतोस?" "नाही." घरी आईची शपथ घालून विचारलं, तरी उत्तर तेच. नशेपेक्षा हे खोटं बोलणं वडिलांच्या जास्त जिव्हारी लागलं होतं.

पहिल्या भेटीत मीही त्याला तोच प्रश्न विचारला. माझ्याकडे सरळ बघत तो "नाही" म्हणाला. मी वहीत 'नाकारतो' असं लिहिलं आणि पुढं गेले. ती माझी चूक होती.

दुसऱ्या भेटीत मी कागदावर एक झाड काढलं. पानं, शेंड्याला फुलोरा, फुलोऱ्यावर चिकट थेंब. म्हटलं, "या झाडापासून काय काय बनतं आणि त्यातलं तुझ्यापर्यंत काय पोचलं, ते तू काढ." तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. मग त्यानं एक पेन काढलं आणि शेजारी एक लहानसा चौकोन. पेन म्हणजे तेलावर चालणारं व्हेप, वाफ ओढायचं उपकरण. चौकोन म्हणजे गमी, चघळायची गोळी. मान वर करून त्यानं विचारलं, "हे गांजात धरतात?"

तो खोटं बोललाच नव्हता. त्याच्या लेखी गांजा म्हणजे कागदात वळलेला, वास मारणारा, डोळे लाल करणारा. त्याच्या पेनाला फळाचा वास होता. आठ महिने रोज रात्री झोपण्यापूर्वी तो चार-पाच झुरके घ्यायचा, आणि भिंतीपलीकडं झोपणाऱ्या आईवडिलांना कधी वास आला नाही. त्या रात्री पेन संपलं होतं म्हणून मित्रानं दिलेली गमी खाल्ली. पाऊण तास काहीच झालं नाही, म्हणून आणखी दोन खाल्ल्या.

पुढच्या बैठकीत, त्याच्या परवानगीनं, तो कागद मी आईवडिलांपुढं ठेवला. आपल्या भाषेत या झाडाच्या रूपांना जुनी, स्वतंत्र नावं आहेत. पानांची ती भांग, त्यातल्या त्यात सौम्य. मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा तो गांजा. फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींतून पाझरणारी राळ वेगळी काढून दाबली की चरस किंवा हशीश. ही तिन्ही नावं आईवडिलांना माहीत होती. तेल, मेण, पेन आणि गमी मात्र त्यांच्या शब्दकोशात नव्हती, आणि मूल नेमकं तिथंच होतं.

नशा येते ती मुख्यतः टीएचसी या द्रव्यानं. 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. वडील म्हणाले, "आमच्या वेळीही मुलं ओढायची, कुणाला काही झालं नाही." या वाक्यानं बरीच मुलं आणि बरेच आईवडील निर्धास्त होतात, म्हणून इथं मी थांबते. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात 1995 मध्ये सरासरी 4 टक्क्यांच्या आसपास टीएचसी होतं, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांच्या आसपास पोचलं. ही गोष्ट फुलोऱ्याची. राळ काढून, आटवून केलेल्या तेलात आणि मेणात हे प्रमाण 60 ते 80 टक्के, कधी त्याहूनही जास्त असतं. वडिलांच्या वेळचा जॉइंट आणि मुलाचं पेन, झाड एकच असलं तरी शरीराला ती एक गोष्ट नाही.

मुलानं मध्येच आपली बाजू मांडली. "पण माझं इंडिका होतं. इंडिका झोपेसाठी असतं, सॅटिव्हा उत्साहासाठी." हे मी दर दुसऱ्या मुलाकडून ऐकते. सॅटिव्हा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये दिलं आणि इंडिका लामार्कनं 1785 मध्ये, ती झाडांच्या वर्गीकरणासाठी. आज सॅटिव्हा म्हणतात ते उंच, अरुंद पानांचं. इंडिका म्हणतात ते बुटकं, रुंद पानांचं. इतक्या संकरांनंतर आज त्या शिक्क्यावरून डोक्यात काय होईल ते ठरवता येत नाही. टीएचसी किती, त्याच्या जोडीला सीबीडी हे झाडातलंच नशा न आणणारं द्रव्य किती, घेतलं कसं आणि घेणारा कोण, यावर ते ठरतं. बेकायदा विकल्या जाणाऱ्या पेनावर तर छापणारा मनाला येईल ते छापतो. 2019 मध्ये अमेरिकेत अशा पेनांमुळं हजारो लोकांची फुप्फुसं बिघडली, काही दगावले. तेलात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट त्यामागचं मोठं कारण निघालं. 'स्पाइस' नावानं मिळतो तो पाला तर आणखी वेगळा. त्यात झाडाचा संबंधच नसतो, कुठल्याशा पाल्यावर प्रयोगशाळेतलं रसायन फवारलेलं असतं. ते कितीतरी जास्त घातक असतं आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत सापडतही नाही.

त्या रात्रीचा उलगडा गमीत होता. धूर किंवा वाफ घेतली की काही मिनिटांत चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. पोटातून घेतलेलं यकृतातून जातं, तिथं त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं. चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, उतरायला सहा-आठ तास किंवा जास्त. काही होत नाही म्हणून माणूस पुन्हा खातो, आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. तो मरणार नव्हता, पण त्याची भीती खरी होती. अशा वेळी ओरडू नये, एकटं सोडू नये. छातीत दुखलं, शुद्ध हरपू लागली किंवा लहान मुलानं चुकून गमी खाल्ली तर थेट रुग्णालय गाठावं.

आईचा प्रश्न अजून तसाच होता. मी खोटा दिलासा देत नाही. स्वीडनमध्ये 1969-70 मध्ये सैन्यात भरती झालेल्या सुमारे 45,000 तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांनी 50 हून जास्त वेळा कॅनाबिस घेतलं होतं, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहा पट आढळलं. सगळ्यांना तो होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण कोवळं वय, रोजचा वापर, जास्त टीएचसी आणि घरात कुणाला तसा आजार असणं, ही चारही एकत्र आली की मी अस्वस्थ होते. "घरात कुणाला आहे का?"

आईनं वडिलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, "माझा मोठा भाऊ." हा काका बावीस वर्षांचा असताना आजारी पडला आणि पुढं घरात त्याचं नाव निघणंच बंद झालं. मुलाला एवढंच माहीत होतं की ते दूर असतात.

त्याच आठवड्यात मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. आजाराची लक्षणं नव्हती, पण लक्ष ठेवायचं ठरलं. मुलानं पेन सोडलं आणि पहिला आठवडा फार जड गेला. चिडचिड, जेवण नको, झोप नाही, झोप लागलीच तर भयानक स्वप्नं. आईनं घाबरून फोन केला, "पुन्हा घेतोय बहुतेक." उलट होतं. रोज घेणाऱ्यानं सोडलं की असंच होतं. पहिल्या आठवड्यात कळस गाठतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं, झोप मात्र रुळायला जास्त वेळ घेते. वडिलांना दर चार दिवसांनी लघवी तपासायची होती. मी नको म्हटलं. रोज घेणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही कित्येक आठवडे अंश सापडतात, आणि त्या कागदावरून एका खऱ्या मुलाला दुसऱ्यांदा खोटं ठरवलं गेलं असतं. त्याऐवजी त्यांनी विचारायला शिकावं, असं सुचवलं. कुठल्या रूपात घेतलंस, किती, कधीपासून, आणि घेतल्यावर काय बरं वाटतं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं झोप. पेनाच्या आधीपासूनच तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तळमळत होता. आम्ही तिथं काम केलं. उठायची वेळ पक्की, झोप येत नसेल तर अंथरुणातून बाहेर, मनातली काळजी संध्याकाळीच वहीत. पाचव्या आठवड्यात तो एकदा घसरला आणि स्वतःच वडिलांना सांगायला गेला. "पेनाचे दोन झुरके, काल रात्री."

वडिलांनी त्याला काकांबद्दल सांगितलं ते माझ्या खोलीतच. मुलानं विचारलं, "काका घ्यायचे का काही?"

"माहीत नाही रे. आम्ही कुणी कधी विचारलंच नाही."

ते अजून महिन्यातून एकदा येतात. आता मुलगा बाहेर बाकावर थांबत नाही, तिघंही एकदमच आत येतात.