पीसीबी असेंब्लीसाठी पहिलं पिक अँड प्लेस मशीन कोणतं घ्यावं?

भोसरीत गाळा घेतलाय, एलईडी ड्रायव्हरच्या (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) बोर्डांचं जॉबवर्क करायचंय आणि तासाला किती पार्ट ठेवणारं पिक अँड प्लेस (पार्ट उचलून बोर्डावर ठेवणारं मशीन) घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी याच पट्ट्यात १४ वर्षं एसएमटी लाइनवर (बोर्डाच्या पृष्ठभागावर पार्ट सोल्डर करायच्या लाइनवर) आहे. माझं ऐकाल तर पैसे आधी पेस्ट प्रिंटर (बोर्डावर सोल्डर पेस्ट लावणारं मशीन) आणि रीफ्लो ओव्हन (ती पेस्ट वितळवणारी भट्टी) यांसाठी बाजूला काढा. उरतील त्यात पिक अँड प्लेस.

आमच्याकडे रिवर्कला येणाऱ्या बोर्डांत पार्ट चुकीच्या जागी ठेवलाय असं क्वचित दिसतं. बहुतेक भानगड पेस्टची असते. स्टेन्सिल (पेस्टसाठी भोकं पाडलेला पत्रा) नीट टेकली नाही, स्क्वीजीचा (पेस्ट ओढणाऱ्या पात्याचा) दाब कमीजास्त झाला की एका पॅडवर (पार्ट जोडायच्या जागेवर) ढीग आणि शेजारी नुसता डाग. पुढचं मशीन कितीही महागडं असो, ते त्या डागावरही पार्ट ठेवून मोकळं होतं.

एका जुलैत घाई होती म्हणून मीच पोराला म्हटलं, फ्रीजमधला पेस्टचा डबा काढ आणि लाव. बाहेर मुसळधार पाऊस. थंडगार डबा उघडला तशी हवेतली ओल पेस्टवर बसली. ओव्हनमधून बोर्ड बाहेर आले तर पॅडांभोवती मोहरीहून बारीक सोल्डरचे मणी सांडलेले. दोन दिवस भिंगाखाली सुईने टिपत बसलो. पेस्ट २ ते १० अंशांत ठेवायची आणि वापरायच्या चार तास आधी बाहेर काढून डबा बंदच राहू द्यायचा, हे तेव्हा डोक्यात बसलं. आता काढल्याची वेळ झाकणावर मार्करने लिहितो.

ओव्हनचं म्हणाल तर डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका. शिशाविरहित एसएसी३०५ पेस्ट २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागते. बोर्डावर सर्वोच्च तापमान (पीक) साधारण २३५ ते २५० लागतं. ते बोर्डावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवूनच कळतं. ड्रायव्हरवरचं जाडजूड इंडक्टर उष्णता खातं, आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या रेझिस्टरचं एक टोक आधी वितळलं की तो चक्क उभा राहतो. कन्व्हेयरला यूपीएस हवाच. आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण इतर वारीही ती विचारून जात नाही. चेन थांबली की आतले बोर्ड भाजून निघतात.

आता पिक अँड प्लेस. कॅटलॉगातला तासाचा वेग आदर्श मांडणीतला असतो, रोजच्या कामात त्याच्या बराच खाली येतो. त्यापेक्षा फीडर (रिळातले पार्ट मशीनला पुरवणारे भाग) किती मिळतात ते विचारा. बोर्डावर ४० प्रकारचे पार्ट असतील तर ४० फीडर लागतात, आणि कोटेशनमध्ये ते बहुधा वेगळे लावलेले असतात! जुनं यामाहा किंवा जुकी मिळालं तरी चालेल, पण त्याचे नॉझल (पार्ट उचलणारी टोकं) आणि फीडर बाजारात मिळतात ना, ते आधी बघा. एअर लाइनला ड्रायर लावा, नाहीतर पावसाळ्यात कॉम्प्रेसरचं पाणी थेट व्हॉल्व्हमध्ये.

डेमोला स्वतःचा बोर्ड आणि स्वतःची रिळं घेऊन जा. तुमच्या बोर्डावरचा सगळ्यात लहान पार्ट कोणता, ते इथे कळवा. ०६०३ साइजचा (सुमारे १.६ × ०.८ मिमी) असेल तर साधं मशीनही पुरेल. ०२०१ (सुमारे ०.६ × ०.३ मिमी) असेल तर बजेटचं पुन्हा बोलावं लागेल.