उंट, सुई आणि मागे ठेवलेला पंधरवडा

“ताई, धंदा वाढवणं पाप आहे का?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

सोलापुरात चर्चच्या आवारातल्या एका खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. पैसा पुरत नाही म्हणून येणारे पुष्कळ. पण पैसा येतोय आणि चैन पडत नाही, असे कॅथलिक व्यापारीही अधूनमधून येतात, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात जरा जास्तच. हे गृहस्थ त्यांच्यातलेच. त्यांना विचारून, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

वय पंचेचाळीसच्या आसपास. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आईनं शिलाईवर घर ओढलं. आता यांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे, चोवीस मशिनींचा. नवं घर झालं, गाडी आली. आणि एका रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्यांनी शुभवर्तमानातलं येशूचं ते वचन ऐकलं: श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं.

“माझ्याकडं चोवीस सुया चालतात ताई. बघेल तिथं उंटच दिसायलाय.”

मी हसले, तेही हसले. पण तीन महिने त्यांना धड झोप नव्हती. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी बोलत सुटले. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथलिक चर्च, नफ्याला पाप म्हणत नाही. धंदा नीट चालल्याची ती एक खूण आहे, मात्र एकमेव खूण नव्हे, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये लिहिलंय, हे सांगितलं. इटलीतल्या क्रेमोनाचे संत होमोबोनस कापडाचे व्यापारी होते, 1199 मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं आणि आज ते व्यावसायिकांचे नि शिंप्यांचे आश्रयदाते मानले जातात, हेही सांगितलं. स्वारी एकदम खूष. “म्हणजे कापडवालासुद्धा संत होतो की!” उंट वगैरे विसरून गेले.

दोन रात्री झोपले. तिसऱ्या रात्रीपासून पहिले पाढे पंचावन्न.

दुसऱ्या भेटीत मी धर्म बाजूला ठेवला आणि आठवडा कसा जातो ते विचारलं. कुठल्या रात्री त्रास जास्त होतो? “शनिवारी,” ते लगेच म्हणाले. शनिवारी काय असतं? “बटवडा.”

मग हळूहळू निघालं. कारखान्यातल्या बायका नगावर शिवतात. प्रत्येकीची पंधरा दिवसांची मजुरी हे कायम मागे ठेवतात. शाळा जूनमध्ये उघडतात, त्याआधी कामाची नुसती झुंबड. ऐन हंगामात बाई दुसरीकडे जाऊ नये म्हणून हा दोर. शिवाय माल उचलणारे व्यापारी पैसे द्यायला गणपती उजाडवतात, तेव्हा तेवढाच पैसा हाताशी फिरतो. “सगळेच ठेवतात, ताई. आणि त्या तयार आहेत. मी कुणावर जबरदस्ती केली नाही.”

या वाक्यावर मला थांबावंसं वाटलं. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेल्या परिपत्रकात नेमकं हेच हेरलंय. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीनं कामगारानं वाईट अट पत्करली, तर तो करार दिसायला राजीखुशीचा, पण खरं तर ती बळजबरी आणि अन्यायच. मी हे दोनच वाक्यांत सांगितलं. पहिल्या भेटीतून तेवढं शिकले होते.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आई शिवायची तेव्हा पैसे आणायला शनिवारी मला पाठवायची. शेठ म्हणायचा, पुढच्या शनिवारी ये.”

मी काहीच बोलले नाही.

अशा प्रश्नांबद्दल माझं आता एक मत झालंय. ‘मी श्रीमंत आहे म्हणजे पापी आहे’ ही टोचणी मोघम असते, म्हणून परवडते. चर्चच्या सणाचा मंडप आपल्या खर्चानं घातला की ती थोडी शमते; हे गृहस्थ दरवर्षी घालतही होते. ‘अमुक बाईंचे तीन हजार द्यायचे आहेत’ ही टोचणी मोघम नसते. म्हणून मन पहिलीच्या आड लपतं. शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि फसवून घेतलेलं चौपट परत करतो. दान वेगळं, परतफेड वेगळी. त्यानं दोन्ही केलं, एकात दुसरं खपवलं नाही. (‘देवाला द्या, देव दुप्पट देईल’ म्हणणारे प्रचारक हल्ली गल्लोगल्ली भेटतात. मला त्यांची चीड येते. तो व्यवहार झाला, तोही व्याजाचा.)

सुखाचं काय, हे त्यांनीच विचारलं. मी तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचा युक्तिवाद सांगितला: अन्नवस्त्राच्या गरजेला कुठेतरी अंत असतो, पैशाच्या हावेला नसतो, आणि पैसा मुळात दुसरं काही मिळवण्यासाठी असतो, मग तो शेवटचं सुख कसा होणार? त्यांनी ते माझ्यापेक्षा बरं मांडलं. “दोन भाकरी झाल्या की पोट भरतं. खात्यातल्या आकड्याला पोटच नाही.”

पापनिवेदनाचा भाग फादरांचा, तो त्यांच्याकडे सोपवला. आम्ही फक्त हिशेबाचं बोललो. मजुरीचं खातं वेगळं काढायचं आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही. पंचविसावी आणि सव्विसावी मशीन मागची बाकी फिटेपर्यंत लांबणीवर. शेवटची अट त्यांना सगळ्यात जड गेली.

नाताळच्या आठवड्यात ते पुन्हा आले. सगळ्या बाकीचा बटवडा झाला होता.

“आणि?”

“दोघी गेल्या पैसे घेऊन. भ्यालो होतो तेच झालं.”

“झोप?”

“लागते. नव्या पोरीला काजं नीट जमत नाहीत अजून, त्यामुळं उशीर होतो घरी जायला.” मग खिशातून चिठ्ठी काढली. गेलेल्या दोघींपैकी एकीचे चारशे रुपये हिशेबात चुकून राहिले होते. तिचा पत्ता लागत नव्हता. आमच्या बचत गटात तिला कुणी ओळखतं का, एवढंच विचारायला ते आले होते.