केनियातल्या मुलीची फी भरावी, की शिक्षणाच्या बातमीदारीला मदत करावी?

तुम्ही विचारलंय की केनियात एखाद्या मुलीची माध्यमिक शाळेची फी भरावी, की तेच पैसे शिक्षणावर लिहिणाऱ्या तिथल्या पत्रकारांना द्यावेत. मी नैरोबीत राहतो. एखादी मुलगी ओळखीची असेल आणि तिचं शिक्षण अडलं असेल, तर डोळे झाकून तिची फी भरा. तशी कोणी नसेल तर पत्रकारांना द्या, असं मी म्हणेन.

इथे 2008 पासून सरकारी माध्यमिक डे-स्कूलची शिकवण्याची फी माफ आहे. सरकारने दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 22,244 शिलिंग शाळेला द्यायचे, असं 2018 मध्ये ठरलं. पण हप्ते वेळेवर येत नाहीत आणि पूर्णही येत नाहीत. मग मुख्याध्यापक उधारीवर शाळा चालवतात आणि तूट या ना त्या नावाने पालकांकडून वसूल होते. बोर्डिंगची तऱ्हा निराळी. तिथे फी तर असतेच, वर प्रवेशाच्या पत्रासोबत सामानाची यादी येते: पत्र्याची पेटी, गादी, ब्लँकेट, गणवेश, बूट. चांगले गुण मिळवून मोठ्या शाळेत नाव लागलेली मुलं या यादीपाशी अडतात.

जानेवारीत अशा मुलांच्या बातम्या येतात, लोक हराम्बे करून, म्हणजे वर्गणी काढून पैसे जमवतात, कोणी दाता पुढे येतो. हे फार चांगलं आहे, मीही देतो. पण त्या बातमीने एक मूल शाळेत जातं. सरकारी हप्ता शाळेच्या खात्यात कोणत्या तारखेला आला, किती मुलांचा आला, याची बातमी लागली तर अख्ख्या शाळेचा प्रश्न उजेडात येतो. एक उदाहरण देतो. अनुदान सरकारी संगणक-प्रणालीत नोंदलेल्या मुलांचंच मिळायचं आणि नोंदीला जन्मदाखला लागायचा. दाखला नसलेलं मूल बाकावर बसलेलं असायचं, पण त्याचे पैसे शाळेला यायचे नाहीत. अशा गोष्टी मंत्रालयाच्या पत्रकात सापडत नाहीत. कोणीतरी तुर्काना किंवा ताना रिव्हरसारख्या दूरच्या भागापर्यंत जाऊन हजेरीपट आणि बँकेचा हिशोब शेजारी ठेवून पाहावा लागतो.

आणि तिथवर जायचे पैसे नसतात. जिल्ह्यांतले बरेच वार्ताहर छापून आलेल्या बातमीमागे मानधन घेतात. दोन दिवसांचा प्रवास करून एकच बातमी मिळणार असेल, तर तो माणूस मंत्र्याच्या कार्यक्रमालाच जाणार. त्याला दोष कसा द्यायचा?

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट आवडेल. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून ‘असर’ची पाहणी सुरू केली: घरोघर जाऊन मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का ते बघायचं. त्याच धर्तीवर 2009 मध्ये केनिया, टांझानिया, युगांडात ‘उवेझो’ सुरू झालं. त्याच्या आकड्यांमुळे इथल्या पत्रकारांना पटनोंदणीच्या पलीकडचं विचारता आलं. माध्यमिक शाळांच्या विस्ताराला तेच हवंय. 2023 पासून सातवी ते नववीचे नवे कनिष्ठ माध्यमिक वर्ग प्राथमिक शाळांच्याच आवारात भरू लागले. तिथे प्रयोगशाळा कुठे आहे, विज्ञानाचे शिक्षक किती, हे कोणीतरी जाऊन बघायला हवं.

तेव्हा प्रवासखर्च आणि कागदपत्रं मिळवण्याचा खर्च उचलणारी, पण बातमी काय असावी हे न सांगणारी संस्था शोधा. देण्याआधी त्यांना विचारा की मागच्या वर्षी नैरोबीबाहेरच्या किती शाळांत त्यांची माणसं गेली, आणि बातमी छापून आल्यावर पुन्हा त्या शाळेत कोणी गेलं का.